जुन्या मोटारसायकलीची किंमत उलटी मोजावी

जुनी, संग्राह्य मोटारसायकल विकायला निघते तेव्हा तिच्याभोवती बहुधा तीन आकडे फिरत असतात. विकणाऱ्याने तिच्यावर केलेला खर्च हा पहिला, तशाच एखाद्या गाडीच्या जाहिरातीत कोणीतरी मागितलेली रक्कम हा दुसरा, आणि कुठल्याशा लिलावात गाजलेला विक्रम हा तिसरा. यांपैकी एकही आकडा समोर उभ्या असलेल्या गाडीची किंमत नसतो, तरीही बहुतेक सौदे या तिघांच्या ओढाताणीतूनच ठरतात. ‘या गाडीचे इतके द्यावेत का?’ असे मला कोणी विचारले की मी आधी उलट विचारतो: हीच गाडी, याच सालातली, सर्व भागांसह आणि निर्धास्तपणे चालवता येईल अशा स्थितीत आज तयार मिळाली, तर तिला किती पडतील? रास्त किंमत त्या आकड्यापासून मागे मागे मोजत यावी लागते. विकणाऱ्याने सांगितलेल्या आकड्यापासून खाली खेचत आणलेली किंमत ही केवळ घासाघीस असते, आणि ती यशस्वी झाली तरी गाडी महागच पडलेली असू शकते.

लिलावातील विक्रमांचा प्रश्न लवकर संपवता येतो. २०२३ च्या जानेवारीत लास व्हेगासमधील मेकम या लिलावगृहाच्या लिलावात १९०८ सालच्या हार्ले-डेव्हिडसन ‘स्ट्रॅप टँक’ने विक्रमी किंमत मिळवली, आणि त्या बातमीनंतर कित्येक गॅरेजांत धूळ खात पडलेल्या हार्ले निदान आपापल्या मालकांच्या मनात तरी एका रात्रीत महागल्या असणार. परंतु ती गाडी अत्यंत दुर्मीळ होती, आणि शंभराहून अधिक वर्षांनंतरही तिची टाकी आणि चाके मूळचीच होती. तिच्या किमतीवरून दुसऱ्या कुठल्याही गाडीबद्दल काही अनुमान काढता येत नाही. शिवाय लिलावाच्या आकड्यात खरेदीदाराने लिलावगृहाला द्यायचे शुल्क अनेकदा धरलेले असते. म्हणजे खरेदीदाराने मोजलेली रक्कम, हातोडा पडला ती रक्कम आणि विकणाऱ्याच्या हाती पडलेली रक्कम या तीन वेगळ्या गोष्टी असतात. विकणारा यांतली सर्वांत मोठी सांगतो, हे ओघाने आलेच.

जाहिरातींचे आकडे त्यापेक्षा उपयोगी असतात, पण ते एकदा वाचून भागत नाही. जाहिरातीतली किंमत ही विकणाऱ्याची इच्छा असते. ती पूर्ण झाली की नाही, हे जाहिरात सांगत नाही. एकाच प्रकारच्या गाड्यांच्या जाहिराती काही महिने सतत पाहत राहिल्यास मात्र चित्र स्पष्ट होऊ लागते. काही गाड्या दोन-चार दिवसांत नाहीशा होतात, काहींची किंमत हळूहळू उतरत जाते, आणि काही वर्षभर त्याच छायाचित्रासह, त्याच किमतीला उभ्या राहतात. बाजारभाव पहिल्या दोन गटांच्या मधे कुठेतरी असतो. तिसऱ्या गटातील गाड्या तुलनेसाठी निरुपयोगी असल्या, तरी विकणारे नेमके त्यांचेच दाखले देतात, कारण मुळात तेच आकडे सर्वांच्या नजरेसमोर टिकून राहिलेले असतात.

तुलना करताना नाव सारखे असणे पुरेसे नाही. ट्रायम्फ बॉनव्हिल ही १९५९ साली आली. १९६३ पासून तिचे इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच घडणीत आले. १९६८ साली पुढच्या चाकाला अधिक चांगला ड्रम ब्रेक मिळाला. आणि १९७१ साली तेलाची स्वतंत्र टाकी जाऊन तेल चेसिसच्या नळीतच भरले जाऊ लागले. सुरुवातीच्या त्या नव्या चेसिसची बैठक इतकी उंच होती की त्यावर तेव्हाच टीका झाली. त्यामुळे १९६८ ते १९७० मधील बॉनव्हिल शोधणारे लोक आणि १९७१ ची बॉनव्हिल घेणारे लोक एकाच रांगेत उभे नसतात, आणि एकीचा भाव दुसरीला लावता येत नाही. वर्ष ठरवतानाही कागदावरच्या नोंदणीच्या तारखेवर विसंबू नये. ब्रिटिश कारखान्यांत पुढील वर्षाचे मॉडेल आदल्या वर्षीच तयार होऊ लागत असे, आणि न खपलेली गाडी विक्रेत्याकडे पडून राहून बऱ्याच उशिरा नोंदवली जाणे हेही नेहमीचेच होते. वर्ष चेसिस आणि इंजिनावरील क्रमांकांवरून ठरते.

क्रमांकांवर मी बराच वेळ घालवतो, कारण किमतीतला सर्वांत मोठा फरक तिथे दडलेला असतो आणि तो पाहायला एक विजेरी आणि थोडा अभ्यास एवढेच लागते. ‘मॅचिंग नंबर’ हे शब्द जाहिरातीत सर्रास वापरले जातात; त्यांचा अर्थ मात्र प्रत्येक कारखान्यानुसार बदलतो. नॉर्टन कमांडोच्या बाबतीत इंजिन, गिअरबॉक्स आणि चेसिस या तिन्हींवर एकच क्रमांक असायला हवा. होंडा सीबी७५० वर चेसिसचा आणि इंजिनाचा क्रमांक जुळत नाहीत, आणि ते जुळत नाहीत म्हणून भाव पाडून मागणारा माणूस स्वतःचेच अज्ञान उघड करतो; तिथे दोन्ही क्रमांक एकाच काळातले आहेत ना, एवढेच पाहायचे असते. व्हिन्सेंटच्या युद्धोत्तर ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरच्या, गाड्यांत तर चेसिसचा क्रमांक इंजिनाच्या क्रमांकापेक्षा बरोबर १९०० ने मोठा असतो, आणि हा हिशेब ठाऊक नसलेल्या माणसाला अस्सल गाडी बनावट वाटू शकते. ट्रायम्फच्या १९६९ नंतरच्या इंजिनांवर क्रमांकाच्या जागी आधी कारखान्याच्या छोट्या बोधचिन्हांची जाळी ठोकलेली असते आणि तिच्यावर क्रमांक उमटवलेला असतो. ती जाळी गुळगुळीत झाली असेल, तर तिथे कानस फिरली आहे असे समजावे. अंकांची उंची कमी-जास्त असणे, पृष्ठभाग आजूबाजूपेक्षा किंचित खोल गेलेला असणे, केवळ त्याच जागी ताज्या रंगाचा थर असणे, या सगळ्या खुणा एकाच दिशेने बोट दाखवतात.

क्रमांक न जुळणारी गाडी वाईट असते असे मुळीच नाही. चालवायला घ्यायची असेल तर दुसऱ्या इंजिनाची, पण नीट बांधलेली गाडी हा उत्तम सौदा ठरू शकतो. नॉर्टनच्या ‘फेदरबेड’ नावाच्या चेसिसमध्ये ट्रायम्फचे इंजिन बसवून केलेल्या ‘ट्रायटन’ला तर स्वतःची प्रतिष्ठा आणि स्वतःचा बाजार आहे. आक्षेप आहे तो एका गाडीची किंमत लावून दुसरी विकण्याला. बीएसए या ब्रिटिश कंपनीच्या १९६२-६३ मधील ‘रॉकेट गोल्ड स्टार’ला मोठी मागणी आहे, आणि त्याच घराण्यातल्या साध्या ए१० वरून तशी दिसणारी गाडी तयार करता येते, त्यामुळे अशा प्रतिकृती पुष्कळ फिरतात. होंडा सीबी७५० च्या अगदी पहिल्या ७,४१४ गाड्यांचे क्रँककेस, म्हणजे इंजिनाचे खालचे कवच, वाळूच्या साच्यात ओतलेले होते, आणि नंतरच्या गाड्यांपेक्षा त्यांना कितीतरी अधिक भाव येतो. दुरून दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात. अशा प्रकारांत खात्री पटेपर्यंत साध्या मॉडेलची किंमत हीच योग्य किंमत धरावी आणि खात्री पटवून देण्याचे ओझे विकणाऱ्यावर ठेवावे. संबंधित मालकांच्या क्लबांकडे आणि संग्रहालयांकडे कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या अनेकदा जपलेल्या असतात. त्यांच्याकडून मिळालेले प्रमाणपत्र थोड्या शुल्कात मोठा वाद मिटवते.

आता उलटा हिशेब प्रत्यक्षात कसा चालतो ते पाहू. तयार, नीट गाडीचा भाव १०० मानू. समोरची गाडी सात-आठ वर्षे बंद आहे. इंजिन पूर्ण उघडावे लागेल, त्याचे २२ धरले. रंगकाम आणि क्रोमचे १५, चाके, टायर आणि ब्रेक यांचे ८, वायरिंगचे ५, आणि नसलेल्या भागांचे १०. बेरीज ६० झाली. उरले ४०. पण इंजिन उघडल्यावर आत काय निघेल हे आज कोणालाच माहीत नसते, म्हणून आणखी १० बाजूला काढले, आणि रास्त किंमत ३० वर आली. विकणारा ६५ मागतो, आणि शंभराच्या गाडीला ६५ हा आकडा ऐकायला स्वस्तही वाटतो. प्रत्यक्षात ती गाडी तयार होईपर्यंत १२५ ला पडते, आणि आतून काही अशुभ निघाले तर १३५ ला. यात स्वतःच्या श्रमांचा एक पैसाही धरलेला नाही. काहींना असे काम करण्यातच आनंद असतो आणि तो आनंद मला पूर्णपणे मान्य आहे, परंतु त्याची किंमत विकणाऱ्याला देण्याचे कारण मला कधीच कळलेले नाही.

याच गणिताची दुसरी बाजू अशी की, ज्याला गाडी चालवायची आहे त्याच्यासाठी शंभराच्या जवळपास मिळणारी, नीट पुनरुज्जीवित केलेली आणि पावत्यांनिशी येणारी गाडी बहुतेक वेळा सर्वांत स्वस्त असते. आधीच्या मालकाने १२५ खर्च केलेले असतात आणि वरचे २५ त्याने सोसलेले असतात. ‘माझे इतके खर्च झाले’ हे त्याचे म्हणणे खरे असले तरी त्या खर्चाला गाडीच्या भावाची कमाल मर्यादा लागू होते. ती मर्यादा ओलांडून झालेला खर्च त्याच्या हौसेचा भाग होता, आणि हे त्याला शक्य तितक्या सौम्य शब्दांत सांगावे.

पावत्या मात्र वाचायला शिकले पाहिजे. ‘इंजिन पूर्ण केले’ एवढ्याच मजकुराच्या पावतीला मी फारसे मोल देत नाही. सिलिंडर कितव्या ओव्हरसाइझला बोअर केला (आतून कापून किती मोठा केला), क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) किती घासले, कुठले बेअरिंग बदलले, हे तिच्यावर हवे. ट्रायम्फ आणि बीएसएच्या ट्विन इंजिनांत क्रँकशाफ्टच्या पोकळीत एक नळी असते, आणि फिरण्याच्या जोराने तेलातला गाळ तिथे साचत जातो. ती नळी भरली की बिग-एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडील बेअरिंगला, तेल कमी पडते. ती साफ करण्यासाठी इंजिन पूर्ण खोलावे लागते, म्हणून वरवर काम करणारे तिला हात लावत नाहीत. पावतीत तिचा उल्लेख असेल, तर मेकॅनिक जाणकार होता असे मानायला जागा आहे. नॉर्टन कमांडोच्या १९७२ मधील ‘कॉम्बॅट’ इंजिनात मुख्य बेअरिंग टिकत नसत आणि कारखान्याने पुढे ‘सुपरब्लेंड’ म्हणून ओळखले जाणारे बेअरिंग वापरून तो दोष दूर केला. त्यामुळे अशा गाडीत ती बदलल्याची नोंद असणे आणि नसणे यांमुळे किमतीत खरोखर फरक पडतो. चकचकीत टाकीमुळे पडणाऱ्या फरकापेक्षा हा फरक अधिक रास्त आहे.

गाडी पाहायला जाताना ती आधी चालू करून ठेवू नये, असे विकणाऱ्याला आगाऊ सांगावे, आणि तिथे गेल्यावर सर्वप्रथम क्रँककेसवर हात ठेवून पाहावा. क्रँककेस गरम असेल तर थंड इंजिन कसे सुरू होते हे आपल्याला दिसू दिलेले नाही. थंड इंजिन सुरू होण्याइतकेच, तापलेले इंजिन बंद करून पुन्हा सुरू होणे महत्त्वाचे आहे. मॅग्नेटो (बॅटरीशिवाय ठिणगीची वीज तयार करणारे यंत्र) असलेल्या गाड्यांत आतला कंडेन्सर किंवा वाइंडिंग कमकुवत झाले, की गाडी सकाळी एका किकमध्ये सुरू होते आणि वीस मिनिटे चालवून थांबवली की काही केल्या पुन्हा सुरू होत नाही. मॅग्नेटोची दुरुस्ती हे वेगळे कसब असून त्याला चांगले पैसे पडतात, म्हणून ही छोटीशी परीक्षा न देता कोणी ‘मॅग्नेटो उत्तम आहे’ असे सांगत असेल, तर ती दुरुस्ती आपल्या हिशेबात धरून टाकावी.

धुराचा अर्थ लावण्यात घाई होते. ड्राय-सम्प प्रकारच्या, म्हणजे इंजिनाचे तेल वेगळ्या टाकीत ठेवणाऱ्या, जुन्या ब्रिटिश गाड्या बरेच दिवस उभ्या राहिल्या की टाकीतले तेल पंपातून झिरपत क्रँककेसमध्ये उतरते, आणि सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे निळ्या धुराचे लोट निघतात. तेल टाकीत परत गेले की धूर थांबतो, आणि ते परत येत असल्याचे टाकीचे झाकण उघडून पाहताही येते. एवढ्यावरून ‘इंजिन गेले’ म्हणणे अन्यायाचे आहे. पुरेसे तापल्यावरही ॲक्सिलरेटर पिळताना निळा धूर येत राहिला तर रिंग आणि बोअर झिजल्याची शंका घ्यावी. वेगात असताना ॲक्सिलरेटर सोडल्यावर येत असेल तर व्हॉल्व्ह गाइडची. पहिले काम दुसऱ्यापेक्षा साधारणतः मोठे असते. टू-स्ट्रोक गाड्या धूर सोडतातच, पण त्यांत दाट धुराबरोबर गिअरबॉक्सचे तेलही कमी होत असेल, तर क्रँकचे सील गेलेले असण्याचा संभव असतो.

किलोमीटरच्या काट्याकडे मी जवळजवळ पाहतच नाही. पन्नास वर्षांत स्पीडोमीटर बदलला गेला असेल किंवा आकडे पूर्ण फिरून पुन्हा शून्यावर आले असतील. किक आणि गिअरच्या पेडलांची झीज, फुटरेस्टचे रबर, मागच्या स्प्रॉकेटचे (साखळीच्या दातेरी चाकाचे) हुकासारखे वाकलेले दाते, स्विंगआर्मच्या बुशांमधला खेळ हे भाग त्याहून अधिक प्रामाणिक असतात. मागे उभे राहून दोन्ही चाके एका रेषेत आहेत का ते पाहावे आणि हँडलखालच्या नळ्यांच्या जोडावर वेल्डिंगच्या खुणा शोधाव्यात. अपघातात वाकलेल्या चेसिसची गाडी शोभेसाठीच घ्यायची नसेल, तर तिथेच चर्चा थांबवावी.

नसलेल्या भागांबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण चांगले जाणकारही इथे फसतात. गंजलेला पण जागेवर असलेला भाग आणि मुळीच नसलेला भाग यांत फार मोठे अंतर आहे. पिस्टन, रिंग, व्हॉल्व्ह, केबल या झिजणाऱ्या वस्तू लोकप्रिय मॉडेलांसाठी आजही नव्याने बनतात. बाजूची पत्र्याची झाकणे, मूळचे घड्याळ, ठरावीक वर्षाचे हेडलॅम्पचे कवच, मूळ सायलेन्सर या वस्तू मात्र बनत नाहीत, किंवा बनतात त्या ओळखू येतात. सुरुवातीच्या सीबी७५० चे चार मूळ सायलेन्सर मिळवायला गेले, तर इंजिन दुरुस्तीच्या बरोबरीचा खर्च येऊ शकतो. म्हणूनच पूर्ण पण कळकट गाडी आणि चमकणारी पण चार वस्तू कमी असलेली गाडी यांत मी बहुधा पहिलीला अधिक भाव देईन. ‘बाकीचे भाग एका खोक्यात आहेत’ हे वाक्य कानावर पडले, की ते खोके तिथेच रिकामे करून पार्ट्सच्या यादीशी ताडून पाहावे. संध्याकाळ गेली तरी चालेल.

रंगाच्या बाबतीत माझे मत थोडे कडक आहे. कारखान्यातला मूळ रंग, हाताने ओढलेल्या सोनेरी रेघांसह, ओरखडे आणि फिकटपणा घेऊन उरलेला असेल, तर तो नव्या रंगापेक्षा अधिक मोलाचा आहे, आणि अलीकडे संग्राहकही तसेच मानू लागले आहेत. रंग पुन्हा देता येतो, मूळपण मात्र एकदा गेले की परत आणता येत नाही. त्याच वेळी दुर्लक्षामुळे आलेल्या गंजाला ‘पॅटिना’, म्हणजे वयाने आलेली जपण्याजोगी छटा, म्हणून विकण्याची जी पद्धत रूढ होत आहे, तिला बळी पडू नये. टाकीच्या आत विजेरीचा झोत टाकल्यावर गंजाचे पापुद्रे दिसत असतील तर ती दुरुस्तीची बाब आहे, आणि बेरीज-वजाबाकीत ती वजा होते.

बंद गाडीबद्दल विकणारे एक वाक्य हमखास बोलतात: ‘फक्त कार्बोरेटर साफ केला की सुरू होईल.’ ते खरेही असू शकते. मग कार्बोरेटर साफ करायला लागतात दोन तास, आणि सुरू झालेल्या गाडीला बंद गाडीपेक्षा बरीच अधिक किंमत मिळते; तरीही विकणाऱ्याने ते दोन तास का घालवले नसतील, याचा विचार खरेदीदाराने करायचा आहे. मी अशा वेळी वाद घालत नाही. गाडी सुरू करून दाखवली तर एक आकडा आणि बंद स्थितीत नेली तर दुसरा, असे दोन आकडे मी कागदावर लिहून देतो, आणि त्या दोहोंतला फरक इंजिन पूर्ण उघडण्याच्या खर्चाइतका ठेवतो. कागदपत्रांचेही तसेच करावे. नोंदणीचे कागद विकणाऱ्याच्या नावावर, क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी अक्षरशः जुळणारे आणि हस्तांतरास मोकळे असतील तर पूर्ण किंमत. ‘कागद करून देतो’ असे असेल तर ते हातात येईपर्यंत इसारापलीकडे काही देऊ नये. कागदच नसतील, तर ती गाडी नव्हे, सुट्या भागांचा ढीग आहे असे धरून किंमत लावावी, आणि चोरीची असण्याची शंका असेल तर तेवढीही लावू नये.

आकडा सांगताना तो कसा निघाला हेही सांगावे, असा माझा अनुभव आहे. तयार गाडीचा भाव, त्यातून वजा केलेला प्रत्येक खर्च आणि अनिश्चिततेसाठी ठेवलेली रक्कम हे सगळे एका कागदावर मांडून विकणाऱ्यासमोर ठेवले की त्याला अपमान वाटत नाही, आणि एखादी वजाबाकी चुकीची असेल तर तो पुरावा दाखवून ती खोडूही शकतो. मॅग्नेटो गेल्याच वर्षी दुरुस्त केल्याची पावती त्याने काढून दाखवली तर तेवढी रक्कम मी तिथल्या तिथे माझ्या आकड्यात परत वाढवतो. वडिलांची गाडी म्हणून त्याला अधिक हवे असतील तर ते मात्र माझ्या कागदावर कुठेही बसत नाहीत. अशा वेळी ती गाडी त्याने विकूच नये असे मला मनापासून वाटते, आणि मी ते त्याला सांगतोही. बाकीच्या वेळी माझा आकडा आणि फोन नंबर त्या कागदावर तसाच ठेवून मी निघतो. काही विकणारे महिन्याभराने फोन करतात, काही कधीच करत नाहीत. आणि फोन आलाच, तर मधल्या काळात गाडीवरचा कुठला भाग निघाला तर नाही ना, हे पाहायला पुन्हा एकदा जावे लागते.